पाऊण मिलिमीटरचा खेळ

फुटबॉल बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना फ्रँक रिबेरी हे नाव ठाऊक असेल. हा फ्रान्सचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेकडेनं धावून हल्ला चढवणारा खेळाडू. २००७ ते २०१९ अशी बारा वर्षं तो जर्मनीतल्या बायर्न म्युनिककडून खेळला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. त्याची शैली चौथीतलं पोरगंही हातवारे करून सांगेल. डाव्या कडेनं चेंडू घेऊन सुसाट सुटायचं, बचावपटू आडवा आला की बाहेरच्या बाजूला पळणार अशी हूल द्यायची, आणि तो तिकडे झुकला रे झुकला की उजव्या पायानं चेंडू आत ओढून गोलाकडे घुसायचं. बचावपटूच्या शरीराचा झोक एकदा भलत्या बाजूला गेला की तो परत आणायला वेळ लागतो. तेवढ्यात रिबेरी पुढे गेलेला असायचा.

आता एक वेगळा खेळाडू बघा. हा आपल्या बुलढाण्याचा, प्रथमेश जवकार. सामना चालू असताना हा एक पाऊलही टाकत नाही. रेषेवर दोन्ही पाय रोवून उभा राहतो. धावपळ नाही, हूल नाही, आरडाओरडा नाही. धनुष्य वर येतं, ताणलं जातं, काही क्षण सगळं थांबतं आणि पन्नास मीटरवरच्या पिवळ्या वर्तुळात बाण जाऊन रुततो. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच.

जो हलतच नाही त्याची शैली बघायची कशी? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याच्या उत्तरासाठी भौतिकशास्त्राचं निम्मं पुस्तक उघडावं लागतं.

आधी एका दिवसाची गोष्ट ऐका. तारीख २० मे २०२३, गाव चीनमधलं शांघाय. तिरंदाजीच्या विश्वचषकातल्या एका टप्प्याची, पुरुषांची कंपाऊंड म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याच्या प्रकारातली अंतिम लढत होती. एका बाजूला एकोणीस वर्षांचा प्रथमेश. दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सचा माईक श्लोसर, तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा कंपाऊंड तिरंदाज. श्लोसरला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात आणि ते नाव त्यानं कमावलेलं आहे. २०१५ साली फ्रान्समधल्या नीम शहरात त्यानं बंदिस्त सभागृहातल्या स्पर्धेत साठ बाण मारले आणि साठच्या साठ दहाच्या वर्तुळात. ६०० पैकी ६००! त्याआधी जगात कुणालाच हे जमलं नव्हतं. त्या सभागृहातलं अंतर अठरा मीटर असतं, पण कंपाऊंडवाल्यांसाठी दहा गुणांचं वर्तुळ किती मोठं असतं माहितीये? फक्त दोन सेंटीमीटर व्यासाचं.

असा माणूस समोर. सामना पंधरा बाणांचा, तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या. दोघांनी आळीपाळीनं एकेक बाण मारायचा आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद. घड्याळ समोरच उलटं मोजत असतं. चार फेऱ्या झाल्या तेव्हा दोघांचे गुण सारखे होते, ११९-११९. बारा बाणांत दोघांचाही फक्त एकेक गुण गेला होता. शेवटच्या फेरीत प्रथमेशनं तिन्ही बाण दहात मारले आणि श्लोसरचा एक बाण नवात गेला. १४९ विरुद्ध १४८. बुलढाण्याचा पोरगा विश्वचषकातलं सुवर्णपदक घेऊन गेला.

पंधरा बाण, दीडशे गुण, आणि फरक एकाचा. हा एक गुण म्हणजे प्रत्यक्षात किती अंतर, ते मोजून बघू या. वही-पेन्सिल घ्या.

खुल्या मैदानावर कंपाऊंडचं लक्ष्य पन्नास मीटरवर असतं. लक्ष्याचा कागद ८० सेंटीमीटरचा, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचं. म्हणजे मध्यबिंदूपासून कडेपर्यंत ४ सेंटीमीटर. पन्नास मीटर म्हणजे ५००० सेंटीमीटर. ४ भागिले ५००० म्हणजे १ भागिले १२५०. आता तिरंदाजाचा डोळा आणि त्याच्या धनुष्यावर पुढे बसवलेलं नेम धरायचं भिंग, यांच्यात साधारण ८५ सेंटीमीटर अंतर असतं. ८५ ला १२५० नं भागा. उत्तर येतं ०.०६८ सेंटीमीटर, म्हणजे ०.६८ मिलिमीटर.

याचा अर्थ काय? बाण सुटताना ते भिंग जागेवरून पाऊण मिलिमीटरभर जरी सरकलं, तरी मध्यावर जाणारा बाण दहाच्या बाहेर पडला! बाबांच्या खिशातलं एटीएम कार्ड आडवं धरून त्याची कड बघा. तेवढी जाडी पाऊण मिलिमीटर असते. शांघायमध्ये एकोणीस वर्षांच्या मुलाचं सुवर्णपदक त्या कडेवर उभं होतं.

आता एक प्रयोग करा. संध्याकाळी गच्चीवर जा, एक पेन घ्या, हात सरळ पुढे ताणा, एक डोळा मिटा आणि पेनचं टोक लांबच्या दिव्यावर धरून ठेवा. टोक थांबतं का? नाही थांबत. ते सतत बारीक थरथरत राहतं. तुम्ही घाबरलात म्हणून असं होत नाही. माणसाचे स्नायू ताणले की ते एका सेकंदात आठ ते बारा वेळा कंप पावतात, निरोगी माणसाचेही. त्यात हृदयाचा ठोका भर घालतो आणि श्वास तर अख्खा खांदाच वरखाली करतो. प्रथमेशचा हातही तुमच्यासारखाच हाडामांसाचा. मग त्याचा बाण त्या आठ सेंटीमीटरमध्ये जातो कसा?

निम्मं उत्तर त्याच्या हातातल्या यंत्रात आहे. हो, यंत्रच म्हणायचं त्याला. ते कळायला आधी साधं धनुष्य बघू.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या वरच्या अंगाला सातपुडा सुरू होतो. सातपुड्यातल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं असतं आणि त्याची दोरीही बांबूच्या पातळ कामटीची. मला ते धनुष्य विलक्षण सुंदर वाटतं, एकाच झाडातून सगळं हत्यार! पण कुठल्याही साध्या धनुष्याची एक अडचण असते. जितकं जास्त ओढाल तितकं ते जड होतं. पूर्ण ताणल्यावर ते सर्वांत जड असतं आणि नेम तर नेमका त्याच वेळी धरायचा असतो! दंड थरथरायला लागतो, मन म्हणतं सोड लवकर. म्हणून साध्या धनुष्याचा कसलेला तिरंदाज फार वेळ नेम धरत बसत नाही.

ही अडचण अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसानं सोडवली. त्यानं काय केलं असेल? चांगल्या धनुष्याची दोन्ही टोकं चक्क कापून टाकली आणि तिथे कप्प्या बसवल्या. पेटंटसाठी त्यानं १९६६ मध्ये अर्ज केला आणि ते त्याला १९६९ च्या शेवटी मिळालं. हेच कंपाऊंड धनुष्य.

यातली गंमत कप्पीच्या आसात आहे. विहिरीवरची कप्पी बरोबर मधोमध खिळलेली असते. ॲलनच्या कप्पीचा आस मुद्दाम एका बाजूला सरकवलेला होता. घरी बघायचं असेल तर डब्याचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं गोल झाकण घ्या, मध्याऐवजी कडेजवळ भोक पाडून खिळ्यावर फिरवा. फिरताना त्याची कड कधी खिळ्याच्या जवळ येते, कधी लांब जाते. तरफेचा नियम तुम्ही शाळेत शिकता: टेकूपासून लांब असलेल्या टोकाला थोडं बळ पुरतं. कंपाऊंडचं चाक फिरतं तेव्हा सुरुवातीला दोरीची बाजू आसाजवळ असते, म्हणून ओढायला जोर लागतो. शेवटी शेवटी दोरीची बाजू आसापासून लांब जाते आणि त्याच वेळी चाकावरच्या तारेची बाजू आसाजवळ येते. आता धनुष्याच्या वाकलेल्या पात्यांचं प्रचंड बळ आवरायला तिरंदाजाचं थोडंसं बळ पुरतं.

किती थोडं? जागतिक स्पर्धांच्या नियमानुसार कंपाऊंड धनुष्याचं ओढवजन जास्तीत जास्त ६० पौंड असू शकतं, म्हणजे सुमारे २७ किलो. ओढताना मध्ये कुठेतरी तेवढा भार येतो आणि मग एकदम दरीत उतरल्यासारखा तो खाली जातो. पूर्ण ताणल्यावर हातात उरतो त्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे पाच-सहा किलो. पात्यांमध्ये मात्र साठवलेली सगळी ऊर्जा जशीच्या तशी असते. आता तिरंदाजाला शांतपणे नेम धरता येतो.

पण म्हणून हा खेळ आरामाचा आहे असं समजू नका. पात्रता फेरीत बहात्तर बाण मारावे लागतात. प्रत्येक वेळी २७ किलोचा तो चढ चढायचा असतो. बहात्तर गुणिले सत्तावीस म्हणजे १९४४ किलो, जवळजवळ दोन टन! सरावाचे बाण यात धरलेलेच नाहीत.

आता धनुष्याला पुढे आणि बाजूला लांब काठ्या लावलेल्या दिसतात, त्या बघा. टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, या काठ्यांचं काम काय? त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात आणि त्यांच्या टोकाला वजनं असतात. डोंबारी दोरीवरून चालताना हातात आडवी लांब काठी धरतो ना, तेच हे. वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी वस्तू फिरवायला कठीण. डोंबाऱ्याचा तोल एकदम जात नाही, हळू जातो, आणि हळू जाणारा तोल सावरता येतो. धनुष्याचंही तसंच. स्नायूंची ती सेकंदाला आठ-बारा वेळा होणारी थरथर एवढ्या लांबवर वजन लावलेल्या धनुष्याला पटकन हलवूच शकत नाही. थरथर उरते, पण मंद आणि लहान होऊन उरते.

नेम धरायलाही मदत असते. दोरीत डोळ्यासमोर एक बारीक भोक असलेली चकती अडकवलेली असते, तिला पीप म्हणतात. त्या भोकातून पुढच्या भिंगाकडे बघायचं. भिंगाजवळ सुताराच्या पाणसळीसारखा बुडबुडा असतो, धनुष्य तिरकं झालं की तो लगेच चुगली करतो. आणि भिंगाचा मध्य जिथे दिसतो, बाण तिथे सरळ जातो असं तुम्हाला वाटलं असेल, तर थांबा!

कंपाऊंडचा बाण ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं सुटतो. पन्नास मीटर जायला त्याला सुमारे ०.६ सेकंद लागतात. या ०.६ सेकंदात पृथ्वी गप्प बसते का? ती त्याला खाली ओढतच असते. हिशेब केला तर बाण तेवढ्यात दीड मीटरहून जास्त खाली येतो, तुमच्या उंचीपेक्षाही जास्त! म्हणून बाणाचं तोंड आधीच थोडं वर रोखलेलं असतं आणि भिंग त्या हिशेबानं खालीवर करून पक्कं केलेलं असतं. तिरंदाजाला वर्तुळ सरळ समोर दिसतं, बाण मात्र हवेत कमान टाकून जातो. शिवाय वारा असतोच. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं. मलकापूरहून राजूर घाट चढून वर आलेल्या कुणालाही घाटमाथ्यावरच्या वाऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आडव्या वाऱ्यात बाण ढकलला जातो, म्हणून तिरंदाज वर्तुळाच्या मध्यावर नेम न धरता वारा येतो त्या बाजूला थोडा सरकवून धरतो. किती सरकवायचा हे कुठलंही यंत्र सांगत नाही, आणि या खेळात तसलं विजेवर चालणारं उपकरण वापरायला परवानगीही नाही. ते ज्याचं त्यानं झेंड्याकडे, गवताकडे बघून ठरवायचं.

मग उरतो बाण सोडण्याचा क्षण. माझ्या मते या खेळातली सर्वांत नवलाची गोष्ट इथे आहे.

कंपाऊंडची दोरी बोटांनी धरत नाहीत. हातात ‘रिलीज’ नावाचं मुठीएवढं धातूचं साधन असतं, त्याची आकडी दोरीला अडकवलेली असते. घोडा दाबला, बाण सुटला, इतकं सोपं वाटतं. पण मोठे तिरंदाज तो घोडा ‘आता!’ म्हणून दाबत नाहीत. का? तुमच्या मित्राला फुगा हातात द्या आणि तुम्ही टाचणी घेऊन फोडायला जा. फुगा फुटायच्या आधीच त्याचे डोळे मिटतील, मान मागे जाईल. होणार आहे हे ज्या क्षणी मेंदूला कळतं, त्या क्षणी तो सगळ्या शरीराला सावरून घ्यायचा हुकूम देतो. तिरंदाजाच्या मेंदूनं ‘आता सोडतो’ असं ठरवलं की बोटाबरोबर खांदा, मनगट, मान सगळेच किंचित आवळतात. आणि आपण मघाशी बघितलं, इथे पाऊण मिलिमीटरचा प्रश्न आहे.

म्हणून ते काय करतात, तर नेम वर्तुळात आला की पाठीचे स्नायू हळूहळू आवळत नेतात. दोन्ही खांद्यांची पाती एकमेकींकडे सरकतात, त्या ओढीनं रिलीजवरचा दाब आपोआप वाढत जातो आणि कुठल्यातरी क्षणी बाण सुटतो. नेमका कोणत्या क्षणी, हे सोडणाऱ्यालाही आधी माहीत नसतं! नेम तोवर वर्तुळाच्या मध्याभोवती मंदपणे घुटमळत असतो आणि चांगला तिरंदाज ते घुटमळणं बळजबरीनं थांबवायला जात नाही. थांबवायला गेलं की स्नायू ताठरतात आणि थरथर वाढते. दोरीनं रेटा दिल्यापासून बाण सुटा व्हायला सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्या वेळात हात खाली आला तर बाण बिघडतो, म्हणून बाण लक्ष्यात रुतेपर्यंत तिरंदाज तसाच उभा असतो.

आता पुन्हा त्या न हलणाऱ्या मुलाकडे बघा. पाय ठेवण्याची जागा, धनुष्य धरणाऱ्या तळव्याचा कोन, जबड्याशी रिलीजचा हात टेकण्याचं ठिकाण, श्वास सोडण्याची वेळ, पाठीची ती संथ ओढ, हे सगळं दर बाणाला तंतोतंत सारखं. पहिल्या बाणाला सोपं, पण पंधराव्या बाणाला, समोर जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज आणि घड्याळात मोजके सेकंद उरलेले असताना तेच सारखं करणं, ही त्याची शैली. रिबेरी समोरच्याला हूल देऊन चकवायचा. तिरंदाजाला चकवायला समोर कुणीच नसतं. प्रतिस्पर्धी शेजारच्या जागेवर उभा असतो आणि त्याच्या बाणाला तुम्ही बोटही लावू शकत नाही.

शांघायचा विजय हा एका दिवसाचा चमत्कार होता का, अशी शंका घेणाऱ्यांना उत्तर त्याच वर्षी मिळालं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतल्या एर्मोसियो शहरात विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. वर्षभरातले निवडक तिरंदाजच तिथे बोलावतात. उपांत्य फेरीत पुन्हा श्लोसर! श्लोसरनं १४९ मारले. प्रथमेशनं १५०. पंधराच्या पंधरा बाण दहात. अंतिम फेरीत डेन्मार्कच्या मथायस फुलर्टनशी १४८-१४८ अशी बरोबरी झाली. मग दोघांना एकेक बाण. दोघांचेही दहात! अशा वेळी कुणाचा बाण मध्याच्या जास्त जवळ हे बघतात. फुलर्टनचा जवळ निघाला आणि प्रथमेशला रौप्यपदक मिळालं. या तीन सामन्यांचे गुण एकत्र मांडा: १४९, १५०, १४८. पंचेचाळीस बाणांत ४५० पैकी ४४७. मला ते हरलेल्या सामन्यातले १४८ सुद्धा तितकेच मोलाचे वाटतात.

ऑक्टोबरच्या ५ तारखेला चीनमध्येच, हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, भारताच्या पुरुष कंपाऊंड संघानं दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सुवर्णपदक जिंकलं. संघात तिघे होते: अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश जवकार. ओजस नागपूरचा, प्रथमेश बुलढाण्याचा, म्हणजे तिघांतले दोघे विदर्भाचे. तिरंदाजीत कोरियाचा दबदबा काय आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या पाच गुणांच्या फरकाची किंमत कळेल. त्या स्पर्धेतली कंपाऊंडची पाचही सुवर्णपदकं भारतानंच जिंकली. याच ओजसनं ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत १५० पैकी १५० गुण मारून जगज्जेतेपद मिळवलं होतं आणि साताऱ्याची अदिती स्वामी तिथेच सतराव्या वर्षी महिलांची जगज्जेती झाली होती. एका वर्षात महाराष्ट्राच्या तीन पोरांनी जगाला कंपाऊंड शिकवलं!

बुलढाण्याला तर बाणांची सवय आधीपासूनच होती. इथल्या पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या चेंगदू शहरातल्या जागतिक पोलीस आणि अग्निशमन क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्णपदक जिंकलं होतं.

आणि तुम्ही विचाराल, एवढं सगळं आहे तर प्रथमेश ऑलिंपिकमध्ये का दिसला नाही? कारण साधं आहे. १९७२ मध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परत आली, तेव्हापासून तिथे फक्त रिकर्व्ह धनुष्य चालत आलं आहे, कप्प्या नसलेलं. कंपाऊंडवाल्यांना दारच बंद होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा उघडणार आहे, कंपाऊंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेसाठी. एक मुलगा, एक मुलगी आणि तेच आठ सेंटीमीटरचं वर्तुळ.